उद्यमनगरच्या वस्तादांना, माझ्या क्लचबद्दल

वस्ताद, सप्रेम नमस्कार.

गाडी ताब्यात दिलीत, हात पुसलेत आणि लगेच पुढच्या गाडीखाली शिरलात. तुमचे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. हे पत्र उघड लिहितेय, कारण कोल्हापुरात रोज गाडी चालवणाऱ्या आणि गॅरेजात गेल्यावर आधी स्वतःच्या पायाबद्दल ऐकून घेणाऱ्या बायकांपर्यंत ते पोचावं अशी माझी फार इच्छा आहे.

माझी नोकरी पन्हाळ्याला. शिवाजी पूल ओलांडला की केर्लीपर्यंत गाडी नीट जायची. वाघबिळाचा चढ लागला की मात्र इंजिनाचा आवाज चढायचा, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळायचा आणि वेग तिथल्या तिथं. पुढं उसाचा ट्रॅक्टर असला तर त्याला मागं टाकायची हिंमत होत नसे. वर पोचेपर्यंत जळका वास गाडीभर. क्लच स्लिप होतोय एवढं मलाही कळत होतं, कारण याच लक्षणासाठी आधी एका गॅरेजात नवा क्लच सेट बसवून घेतला होता. काही महिन्यांत दुखणं परत आलं, तेव्हा तिथं उत्तर मिळालं, ‘मॅडम, तुमचा पाय क्लचवर असतोय. बायकांचं असंच असतंय.’ मग घरचेही शेजारच्या सीटवरून माझ्या डाव्या पायाकडं बघायला लागले. मी पाय बाजूलाच ठेवते, चढावर हँडब्रेक ओढून थांबते, हे सांगून पटेना.

तुम्ही माझ्या पायाबद्दल काहीच बोलला नाहीत. तुम्ही विचारलंत, ‘ताई, आवाज पेडल दाबल्यावर येतोय का सोडल्यावर? रिव्हर्स टाकताना गिअरची दाती वाजत्यात काय? पहिल्यात उचलताना गाडी थरथरतीय काय?’ प्रत्येक प्रश्न कशासाठी ते विचारल्यावर न कंटाळता सांगितलंत. दाबल्यावर घरघर आली तर रिलीज बेअरिंगवर, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर संशय. न्यूट्रलला पेडल सोडलेलं असताना येणारा आवाज दाबल्यावर बंद झाला, तर बघायचं गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या, म्हणजे क्लचकडनं आत जाणाऱ्या दांड्याच्या बेअरिंगकडं. रिव्हर्सला दाती वाजली तर पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. माझ्या गाडीत यातलं काही नव्हतं, फक्त उचलताना थरथर होती. ती ऐकून तुम्ही मान हलवलीत, पण निदान सांगायची घाई केली नाहीत.

आधी क्लचची केबल बघितलीत. केबल जास्त ताणलेली असेल, पेडलला वर जरासुद्धा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल नसेल, तर रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या) बोटांवर सतत दाबलेलं राहतं आणि क्लच प्लेट पुरी पकड घेत नाही. ते नुसतं ॲडजस्ट करून भागतं, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. केबल बरोबर निघाली. मग सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, समोर कुणी नाही बघून, तिसरा गिअर टाकून हळूहळू क्लच सोडलात. चांगला क्लच असता तर इंजिन गप्पकन बंद पडलं असतं. माझं चालूच राहिलं. ‘ह्ये एकदाच करायचं. सारखं केलं तर चांगली प्लेटपण जळंल,’ असंही बजावलंत.

कुठल्याही गॅरेजात इथंच नव्या सेटचा भाव सांगितला असता. तुम्ही म्हणालात, ‘प्लेट कोण मारतंय ते आधी बघू, मग नवी घालू.’ वस्ताद, या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

गाडी वर घेतल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल दिसली. ते तेल वरून टॅपेट कव्हरमधनंही ओघळू शकतं, म्हणून सगळं पुसून कोरडं केलंत, मला चक्कर मारून यायला सांगितलंत आणि परत बघितलंत. वरचा भाग कोरडा, खाली नवा थेंब. तो बोटावर घेऊन वास घेतलात आणि मलाही घ्यायला लावलात. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, हे तेल काळं होतं आणि तसा वास नव्हता. म्हणजे तेल इंजिनाचं, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या ऑइल सीलमधनं, तेल अडवणाऱ्या कड्यातनं येणारं.

गिअरबॉक्स खाली आला तेव्हा मला फोन करून बोलावलंत. फ्लायव्हीलची, म्हणजे क्लच ज्याच्यावर बसतो त्या इंजिनाच्या जड चाकाची, मागची बाजू तेलानं भरलेली. प्लेट हातात देऊन म्हणालात, ‘बघा, लायनिंग जाड हाय, रिव्हेट खोल हायत. पाय ठेवून झिजलेली प्लेट पातळ झालेली असती. ही तेल पिऊन गुळगुळीत झालीया.’ बरोबर आलेल्या घरच्या माणसांनाही ती दाखवलीत. त्या दिवशी मला किती हलकं वाटलं, ते तिथं बोलता आलं नाही. माझ्या बाजूनं बोलणारी वस्तू तुम्ही माझ्या हातात ठेवली होती.

सील बदलून काम संपलं असतं, पण सील का गेलं हा प्रश्न तुम्ही सोडला नाहीत. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवलात तर वाजेना, आत काळा गाळ बसून तो अडकला होता. इंजिनातली वाफ बाहेर पडायची ती वाट बंद, मग आत दाब वाढतो आणि तेल सीलमधनं वाट काढतं. आधीच्या वेळी नव्या प्लेटबरोबर ना सील बघितलं गेलं, ना हा व्हॉल्व्ह. सगळ्या कामातला हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग, आणि मुळाशी तोच.

पुढचं कामही मी उभी राहून बघितलं. फ्लायव्हील शेजारच्या लेथवर नेऊन तपासून आणलंत. उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि फौंड्री वाढल्या, त्यांच्याबरोबर लेथवरचे असे हात गल्लोगल्ली तयार झाले, ही आपल्या गावाची खरी श्रीमंती आहे असं मला मनापासून वाटतं. प्रेशर प्लेट सरळ होती, तिच्यावर तापून पडणारे निळे डाग नव्हते, म्हणून धुऊन तीच वापरलीत. रिलीज बेअरिंग मात्र बदला म्हणालात, कारण पुन्हा तेवढ्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा तर मजुरी सगळी परत पडते. स्प्लाइनवर, म्हणजे प्लेट जिथं सरकते त्या शाफ्टच्या खाचांवर, ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच, जास्त झालं तर ते उडून प्लेटवरच बसतं. प्लेट मधोमध धरायला दांडी घातलीत आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळलेत. बॅटरी धरून उभ्या असलेल्या तुमच्याकडच्या पोरानं मध्येच विचारलं, की एका बाजूनं आवळत गेलं तर काय होतं. काम थांबवून त्याला सांगितलंत की प्रेशर प्लेटचं कव्हर वाकडं होतं. त्या पोराचेही आभार, त्याच्यामुळं मलाही कळलं.

आता वाघबिळाच्या चढावर काटा आणि वेग बरोबर चालतात. वास नाही, थरथर नाही. जोडाखालचा भाग मी अधूनमधून कागद लावून बघते, कोरडा आहे.

एक काम आणखी आहे. माझ्या मैत्रिणीच्या गाडीत रिव्हर्स टाकताना दाती वाजतात. इंजिन बंद असताना मात्र गिअर अलगद पडतो. तिचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा आहे, पेडल मऊ लागतंय आणि डबीतलं ऑइलही उतरतंय. क्लच पूर्ण सुटत नसावा, गळती कुठं आहे ते आधी बघायला हवं, एवढं मी तिला तुमच्याकडनं शिकलेल्यावरून सांगितलं. दुसरीकडं तिला पूर्ण सेटचा खर्च सांगितलाय. रविवार सोडून कुठल्याही सकाळी तिला पाठवते, तेवढं बघाल ना?

तुमची,
पन्हाळ्याच्या नोकरीवाली ताई