महाविद्यालयातला समुपदेशन कक्ष रिकामा का राहतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात बजावले. त्यामुळे ठाणे आणि नवी मुंबईतल्या महाविद्यालयांत ‘समुपदेशन कक्ष’ अशा पाट्या लागतील. पण मुले त्या दारातून आत जात नसतील, तर त्याची कारणे आधी पाहायला हवीत. ती बहुतेक वेळा साधी आणि दुरुस्त करता येण्याजोगी असतात.

पहिले कारण गुप्ततेचे. कक्ष प्राचार्यांच्या केबिनशेजारी, बाहेर शिपाई, टेबलावर रजिस्टर आणि त्यात नाव, वर्ग, ‘भेटीचे कारण’ असे रकाने. कोणता मुलगा त्यात लिहील? त्यातही मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनाच समुपदेशक केले असेल, तर इंटर्नलचे गुण तेच देणार आणि हजेरीच्या डिफॉल्टर यादीवर सहीही तेच करणार. अशा माणसापुढे विद्यार्थी मन मोकळे करणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. समुपदेशकाचा गुण, हजेरी आणि शिस्त समितीशी काडीचाही संबंध असता कामा नये.

भेटीची वेळ थेट समुपदेशकाच्या फोनवर ठरावी. नोंदीत नावाऐवजी क्रमांक असावा, कागद कुलपात राहावेत आणि त्यांची किल्ली एकाकडेच असावी. खोली ग्रंथालयाच्या किंवा जिमखान्याच्या बाजूला द्यावी, म्हणजे तिकडे जाणारा कशासाठी चालला आहे हे कोणाला कळत नाही. प्राचार्यांना दर सत्राला फक्त आकडे कळवावेत: किती जण आले, कोणत्या प्रकारच्या अडचणी होत्या. वीस-पंचवीस मुलांचा अभ्यासक्रम असेल तर त्याचे नावही अहवालात नको, कारण तेवढ्यावरून मूल ओळखता येते.

गुप्ततेच्या मर्यादा मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगाव्यात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, तर समुपदेशक गप्प बसू शकत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ज्या आवारात कनिष्ठ महाविद्यालय आहे तिथे अकरावी-बारावीची मुले याच कक्षात येतात, हे नियमावली करताना विसरले जाते.

दुसरे कारण वेळेचे. इथे थोडे गणित मांडतो. एक भेट ४५ मिनिटांची, त्यानंतर १५ मिनिटे टिपणांसाठी. बाहेरून येणारा समुपदेशक आठवड्यातून दोनदा तीन-तीन तास बसला, तर आठवड्याला सहा भेटी होतात आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रात नव्वद. एका विद्यार्थ्याला साधारण पाच भेटी लागतात असे धरले, तर सत्रभरात अठरा जणांना पुरेसा वेळ मिळतो. तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात अठरा! पूर्णवेळ नेमणुकीचा आग्रह यासाठीच धरायला हवा.

कक्ष दहा ते एक उघडा ठेवला, तर तेव्हाच तासही चालू असतात आणि ७५ टक्के हजेरीची तलवार डोक्यावर असते. तास संपले की बदलापूर, कर्जत, शहापूरकडची मुले गाडी गाठायला पळतात, काही थेट नोकरीवर जातात. ‘घरून फोन करा’ हेही सगळ्यांना जमत नाही. वन रूम किचनमध्ये आई, आजी आणि धाकटा भाऊ ऐकत असताना मूल काय बोलणार? म्हणून दुपारनंतरच्या वेळा हव्यात, आणि समुपदेशनाला घालवलेला तास हजेरीत धरला जावा. त्यासाठी प्राध्यापकांना कारण न सांगता चालेल अशी साधी ‘कार्यालयीन काम’ अशी चिठ्ठी पुरते. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सभागृहात एक व्याख्यान ठेवून हे काम होत नाही. गर्दी होते ती प्रवेशानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत, केटीचे (राहिलेल्या विषयांचे) निकाल लागल्यावर आणि प्लेसमेंटच्या दिवसांत.

समुपदेशकाने कुठे थांबायचे हेही ठरलेले हवे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न आहे, झोप आणि भूक बिघडली आहे, आवडत्या गोष्टीतही जीव रमत नाही, किंवा इतरांना न ऐकू येणारे आवाज येतात, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायलाच हवे. आपल्याकडे त्याची सोय आहे. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे. येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीसह राज्यात अशी चार. पण ‘याला ठाण्याला न्या’ ही टवाळी पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्यामुळे लोक तिथल्या ओपीडीची पायरीही चढत नाहीत. ओपीडीत केसपेपर काढतात, डॉक्टर तपासतात, औषध मिळते आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो, एवढे तरी पालकांनी जाणून घ्यावे. तिथे जायचे नसेल तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयासारख्या सर्वसाधारण रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जावे.

गोळ्या फक्त डॉक्टरच, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञासारखे वैद्यकीय पदवीधर, लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बेधडक विचारावा.

औषधांबाबत सर्वाधिक घोळ घरातच होतो. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडेही लागतात. मळमळ, सुस्ती मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवते. मग ‘फायदा काही नाही, त्रासच होतोय’ म्हणून गोळ्या बंद होतात. दुसरी चूक म्हणजे बरे वाटू लागताच परस्पर थांबवणे. बरे वाटल्यानंतरही सहसा किमान सहा महिने औषध चालू ठेवतात आणि डॉक्टर ते हळूहळू कमी करतात. पंचविशीच्या आतल्या मुलांकडे सुरुवातीचे काही आठवडे बारीक लक्ष हवे. अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढले तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा. गोळ्यांचा साठा आईवडिलांनी स्वतःकडे ठेवावा.

पालकांना आणखी दोन विनंत्या. समुपदेशकाला ‘तो काय म्हणाला?’ असे विचारू नका. तुम्हाला घरात जे दिसते ते त्यांना जरूर सांगा, ते ऐकून घेतील. आणि शंका आली तर मुलाला सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल बोलते होते. उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पोलीस केसच्या भीतीने रुग्णालयात न्यायला उशीर करू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती, वेगळे सिद्ध झाले नाही तर, तीव्र ताणाखाली होती असे मानले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही.

‘टेलि-मानस’ या फोनवरच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तो मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येते. असे मदतक्रमांक वसतिगृहात, वर्गात आणि सार्वजनिक जागी ठळक लावावेत असे न्यायालयाने सांगितलेच आहे. महाविद्यालयांनी १४४१६ ओळखपत्राच्या मागेही छापावा. आपल्या दैनिकाने विद्यार्थी आत्महत्येच्या प्रत्येक बातमीखाली हा क्रमांक द्यावा, आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आत्महत्येच्या पद्धतीचा तपशील गाळावा, ही विनंती.

आपला,
एक महाविद्यालयीन समुपदेशक, ठाणे (पश्चिम)