विंडसर्फिंगमध्ये स्पीडच का विचारता?

संपादक साहेब, नमस्कार.

विंडसर्फिंग, म्हणजे शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावर सरकणं, 1984 पासून ऑलिम्पिकमध्ये आहे, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तर पाण्याच्या वर उचलून धावणारे फॉइलवाले (खाली पंखासारखी पाती असलेले) बोर्ड होते, भारीच, पण म्हणून इंदूरहून सुट्टीत गोव्याला जाऊन शिकून आलेल्याला सगळे "स्पीड किती आली?" एवढंच का विचारतात? मी पन्नाशीत शिकलो. रुंद बोर्ड, छोटं शीड, मंद वारा. दोरीनं शीड पाण्यातून हळूहळू वर ओढायचं, त्यात वारा भरला की बोर्ड आपोआप सरकायला लागतो, बस्स, तेच सुख! शीड मागे झुकवलं की बोर्ड वाऱ्याकडे वळतो, पुढे झुकवलं की वाऱ्यापासून दूर वळतो, एवढं अंगात मुरायलाच मला तीन दिवस लागले. पोरांना लाईफ जॅकेट घाला आणि मनसोक्त पडू द्या हो.

– एक वाचक, इंदूर