ताई, तू प्लेलिस्ट मागितलीस ना…

प्रिय ताई,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. उत्तर लिहूनच देते, बोलायला लागले की माझी गाडी भरकटते. मैत्रिणीच्या मुलासाठी ‘ऑटिझमवाली गाणी’ पाठव म्हणालीस, तर अशी प्लेलिस्ट माझ्याकडे नाहीये आणि असती तरी पाठवली नसती. रागावू नकोस, का ते सांगते.

आईला अजून वाटतं मी इथे मुलांना गाणं शिकवते. नाही गं, मी म्युझिक थेरपी देते, म्हणजे गाण्या-वाजवण्यातून मुलांशी संवाद साधते. मूल गायलं तर छानच, पण माझं लक्ष असतं ते माझ्याकडे बघतंय का, थांबतंय का, आता माझी पाळी मग तुझी हे त्याला कळतंय का, याच्याकडे. आणि तिथे सुरांपेक्षा बालविकासाचा अभ्यास जास्त कामाला येतो (शिकताना त्या तक्त्यांचा इतका कंटाळा यायचा!). म्हणजे बघ, साधारण 6 महिन्यांचं बाळ वस्तू अख्ख्या मुठीत धरतं, चिमटीत धरायला 9-10 महिन्यांचं व्हावं लागतं. आता एखादं मूल कागदावर 8 वर्षांचं असेल पण हात अजून मुठीच्याच पायरीवर असेल, तर त्याला कीबोर्डवर एकेक बोटाने वाजव म्हणणं हा छळच झाला. त्याला जाड दांड्याची काठी आणि मोठा ड्रम द्यायचा, जमायला लागलं की ड्रम हळूच दुसऱ्या बाजूला सरकवायचा, मग उजवा हात आपोआप डावीकडे जातो. नुसतं ‘हात तिकडे ने’ सांगून ते होत नाही.

पण पायरी लहान म्हणून गाणंही बाळाचं लावायचं, हे मला अजिबात पटत नाही. मिसरूड फुटलेल्या पोराला कसली चिऊकाऊची गाणी ऐकवता! गाणं त्याच्या वयाचं घ्यायचं, फक्त त्यातलं त्याचं काम सोपं ठेवायचं.

माझ्याकडे एक मुलगा येतो, बोलत नाही, खोलीभर नुसता फिरत असतो. मी त्याला बोलवत नाही, तो ज्या स्पीडने चालतो त्याच ठेक्यात वाजवते, तो थांबला की मीही थांबते. थोड्या वेळाने त्याला शंका येते, मुद्दाम थांबून बघतो, ही खरंच थांबते का! खरं काम तिथून सुरू होतं. मग मी एकच ओळ परत परत गाते आणि समेच्या अलीकडे गप्प बसते. हे गप्प बसणं सगळ्यात कठीण, कारण आपल्याला मदतीची भारी घाई, आणि यातल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं आत पोचून हात उचलेपर्यंत वेळ लागतो. एकदा तो लांबून आला, ड्रमवर एक थाप मारली आणि वळून माझ्या तोंडाकडे बघितलं. थापेपेक्षा मला त्या बघण्याचा आनंद झाला, कारण वस्तूकडे आणि मग माणसाकडे बघणं हे शब्दांच्या आधी येतं, एरवी 9 ते 12 महिन्यांच्या सुमारास.

मुलाच्या मागे मागे जाणारं हे वाजवणं माझं डोकं नाही हं. पॉल नॉर्डॉफ संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स विशेष मुलांचे शिक्षक, दोघांनी 1959 मध्ये इंग्लंडमध्ये एकत्र काम सुरू केलं, त्यातून हे आलं. आणि मोबाईलवर गाणी लावून का भागत नाही, तर 2009 मध्ये किर्शनर आणि टोमासेलो या संशोधकांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या, नेहमीसारख्या वाढणाऱ्या मुलांना ड्रम दिले, तेव्हा मशीनपेक्षा समोर माणूस वाजवत असताना त्यांचा ठेका जास्त जुळला. प्लेलिस्ट कुणासाठी थांबत नाही ना.

मैत्रिणीला फार आशाही लावू नकोस. 2017 मध्ये 9 देशांतल्या 364 ऑटिस्टिक मुलांवरच्या ट्रायलचा निकाल आला, त्यात 5 महिन्यांनी लक्षणांच्या तीव्रतेत म्युझिक थेरपीमुळे खास फरक दिसला नव्हता. त्यामुळे स्पीच थेरपी वगैरे जे चालू असेल ते अजिबात बंद करायचं नाही.

सध्या तिला एवढंच सांग, तो जो आवाज काढतो तोच आवाज काढून दाखव आणि थांब. आणि तिला विचारून मला कळव: तो कुठल्या आवाजाला कान झाकतो, ऐकण्याची तपासणी झालीये का, आणि काही हवं असेल तर बोट दाखवतो की आईचा हात धरून तिकडे नेतो? हे कळलं की काहीतरी नेमकं सुचवता येईल.

आई-बाबांना नमस्कार.

तुझीच,
छोटी