माळ्यावरच्या साड्यांविषयी

ऐरोली

चि. मंदार यास अनेक आशीर्वाद.

माळ्यावर पडून राहिलेला माल तोट्यात विकावा की नाही, यावरचे रविवारचे आपले बोलणे गिऱ्हाइकांसमोर वाढू नये म्हणून मी नंदाकडे निघून आलो. मनात राग नाही. मात्र त्या बाईंनी माळ्यावरची मोतिया साडी दोन हजारांना मागितली आणि "अडीच हजारांची तर खरेदी आहे" म्हणून तू ती परत ठेवलीस, तेव्हापासून दुसरे काही सुचत नाही.

आपण किती मोजले याच्याशी गिऱ्हाइकाला काय कर्तव्य? हिशेबातही वर्षअखेरीस शिलकी माल खरेदीची किंमत आणि विकून सुटणारी रक्कम यांपैकी जी कमी असेल तिनेच धरतात. उद्या तो टाकून दिलास किंवा वाटलास, तर त्याच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट परत करावी लागेल. तोट्यात विकलास तर ती राहते. शिवाय कॅश क्रेडिटचे, म्हणजे धंद्यासाठी बँकेकडून उचललेल्या पैशांचे, व्याज चढतेच आहे. उपदेश करायचा नाही असे ठरवून बसलो होतो, रागावू नकोस.

एकदा भाव उतरवला की नव्या मालालाही लोक सूट मागतात, हे तुझे म्हणणे मला पटते. म्हणूनच गोखले रोडच्या दुकानात सेलची पाटी न लावता हा माल जांभळी नाक्याच्या गाळ्यात वेगळा विकावा. रेशीम थांबत नाही. अण्णा असताना पावसाळा सरला की सगळे माळ्यावर बसून साड्यांच्या घड्या बदलायचो. तू चौथीत असशील, घडीवर कापड विरले आहे का हे उजेडाकडे धरून पाहायचास, आणि जरतार काळवंडलेली साडी अण्णा त्याच दिवशी मिळेल त्या भावाने काढून टाकत.

२०२० च्या टाळेबंदीत तू फोनवर साड्या दाखवून मागण्या घेतल्यास, एकाही माणसाचा पगार थांबवला नाहीस. हे मी आजही सोसायटीत अभिमानाने सांगतो. त्याच मुलाने त्या गठ्ठ्यांपायी मध्यरात्री उठून वह्या उघडाव्यात, हे सूनबाईंकडून कळले आणि धस्स झाले. रक्तदाब तपासून घेतलास का?

श्रावण तोंडावर आहे, येवल्याला पैठण्यांसाठी रोख लागेल. त्यासाठी बँकेकडून मर्यादा वाढवून घेऊ नकोस, आधी माळा रिकामा कर. शनिवारी मी येतो, किमतीच्या चिठ्ठ्या दोघे मिळून बदलू. भाव मात्र तूच ठरव.

तुझे,
बाबा