एम.ए. की डिप्लोमा? आधी तास मोज

कोथरूड, पुणे
रविवार

प्रिय मिलिंद,

सप्रेम नमस्कार.

शालेय समुपदेशनासाठी एम.ए. करू की एनसीईआरटीचा डिप्लोमा, असं तू विचारलंस. सोबत दोन्हींच्या विषयांची यादीही जोडलीस. गणिताचा मास्तर, मोजणार हे ठरलेलंच! पण विषय सगळीकडे जवळपास तेच असतात. तू तास मोज. प्रत्यक्ष मुलासमोर किती तास बसवतात, आणि ते काम नंतर जाणतं माणूस किती तास तपासतं?

तुलनेसाठी अमेरिकेतलं माप घे. तिथे समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणारी काक्रेप ही संस्था १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सुरुवातीचा सराव, आणि त्यानंतर ६०० तासांची इंटर्नशिप मागते. या ६०० पैकी निदान २४० तास थेट समुपदेशनाचे हवेत. शिवाय आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक आणि दीड तास गटातलं पर्यवेक्षण. आपल्याकडे एवढं सहसा मिळत नाही, पण प्रॉस्पेक्टस वाचताना हे माप डोक्यात असू दे.

डिप्लोमात सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने केंद्रावर समोरासमोर आणि शेवटचे तीन महिने आपल्या गावी इंटर्नशिप असते. आपल्याला जवळचं केंद्र भोपाळचं, तेव्हा रजेचं आधी बघ. एम.ए. पुण्यात राहून होईल. मात्र बऱ्याच ठिकाणी ते मुळात मानसशास्त्राचं एम.ए. असतं आणि समुपदेशन दुसऱ्या वर्षी येतं, म्हणजे हात उशिरा चालायला लागतो. शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सांच्या वाटेला जाऊ नकोस. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. आता असे कोर्स जोरात विकले जाणार.

खरं शिक्षण होतं ते व्हर्बेटिममध्ये, म्हणजे मुलाशी झालेलं बोलणं शब्दशः लिहून काढून तपासण्यात. मुलाची आणि पालकांची परवानगी असेल तर रेकॉर्डिंग कर. नसेल तर मूल गेल्यावर अर्ध्या तासाच्या आत बसून लिहून काढ, कारण संध्याकाळपर्यंत आठवण स्वतःच्या सोयीने बदललेली असते. अख्खं सत्र नको, दहा मिनिटांचा तुकडा पुरे. तीन रकाने आख: मूल काय म्हणालं, मी काय म्हणालो, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. मग आपल्या प्रत्येक वाक्यापुढे खूण कर: प्रश्न, सल्ला, धीर, की मुलाचं म्हणणं त्याला परत ऐकवणं. शिक्षकांची सुरुवातीची पानं पहिल्या तीन खुणांनीच भरतात. मूल म्हणतं, "गणिताच्या तासाला पोटात दुखतं." आपण लगेच, "डबा खाल्लास का? गृहपाठ राहिलाय का?" त्याऐवजी "गणिताच्याच तासाला दुखतं" एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. दहा सेकंद. वर्गात दहा सेकंदांची शांतता म्हणजे मास्तर धडा विसरला, म्हणून ती आपल्याला सोसत नाही. तिसरा रकाना त्यासाठीच आहे. आपण मुलासाठी बोललो की आपल्याला अवघडलं म्हणून, हे तिथेच उघडं पडतं.

दुसरी अडचण भाषेची. पुस्तकं इंग्रजी, तंत्रं इंग्रजी, आणि समोरचं पोर मराठी. "तुला त्याबद्दल कसं वाटतं?" हे वाक्य ऐकलं की ते "काही नाही" म्हणून मोकळं होतं. भीती, लाज, राग, घरातली भांडणं, सगळ्याला त्याच्याकडे एकच शब्द असतो: टेन्शन. तो शब्द सोलावा लागतो. "टेन्शन आलं की काय होतं? कुठे कळतं, पोटात, डोक्यात?" आणि 'का' शक्यतो टाळ. शाळेत 'का' नंतर शिक्षाच येते: का बोललास, का उशीर केलास. "काय झालं?" चालतं. नुसतं "मग?" तर त्याहून चांगलं चालतं.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नकोस. पहिल्याच भेटीत सांग: तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका दिसला तर मला मदत घ्यावी लागेल, आणि ते आधी तुला सांगेन. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं कलम २१ खाली गुन्हा. "आधी संस्थेची अंतर्गत चौकशी होऊ दे" ही सवलत कायद्यात नाही. उलटतपासणी करायची नाही. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून लिहायचे. आत्महत्येचा संशय आला तर सरळ विचार, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. होय म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही, पालकांना बोलवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, तो भिंतीवरच लाव.

चाचण्यांचं थोडक्यात. रेव्हनच्या प्रमाणित मॅट्रिसेस या आकृत्यांच्या बुद्धिमत्ता चाचणीत ६० आकृत्या, पाच संच. घेणं सोपं. पण मानकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करायची ती, कुणाची, कधीची, हे न बघता आकडा पालकांच्या हातात दिला की तो आकडाच मुलाचं नाव होऊन बसतो. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र देणं आपलं काम नाही, तिथे सरकारमान्य केंद्राकडे पाठवायचं.

आणि शाळेत या कामाला लागलास तर स्वतःच्या वर्गातली मुलं घेऊ नकोस. ज्याच्या हातात गुण, त्याच्यापुढे पोर काय बोलणार? पुस्तकातलं सत्र पन्नास मिनिटांचं, आपली तासिका पस्तीसची. पाच मिनिटं येण्याजाण्यात जातात, तेव्हा तिसाचंच गणित बसव आणि शेवटच्या पाचात नवा विषय उघडू नकोस. दाराला काच हवी: आतलं दिसावं, ऐकू येऊ नये. घड्याळ मुलाच्या पाठीमागच्या भिंतीवर लाव, म्हणजे मनगटाकडे बघावं लागत नाही. खेळाच्या तासाला मात्र कुणाला बोलावू नकोस, पुन्हा येणार नाही.

अर्ज भरण्याआधी दोन्हीकडे फोन कर आणि तीनच गोष्टी विचार. इंटर्नशिप कोणत्या शाळेत? माझी व्हर्बेटिम कोण तपासणार? आठवड्यातून किती वेळा? दुसऱ्या प्रश्नाला एखाद्या माणसाचं नाव सांगता आलं नाही, तर फी भरू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनायक