‘पडद्यावर काय दिसतंय, काकू?’ असं विचारणाऱ्या मुलीला

प्रिय पोरी,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलं आहेस, म्हणून ते गाळून बाकी सगळं लिहिते. ‘आभार मानलेत तर पुन्हा फोन उचलणार नाही’ अशीही धमकी होती. पण हे पत्र तुला एकटीला नाही, चारचौघांत आहे. तेव्हा अट मोडली असं म्हणता यायचं नाही.

मावशीच्या वहीचं 64वं पान काल रात्री तयार झालं. संपली वही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: माझ्या मावशीने पेन्सिलीने काढलेल्या पक्ष्यांची एक वही आहे. कागद पिवळा पडलेला, कडा तपकिरी, शिवणीजवळ प्रत्येक पानावर काळसर पट्टा. सगळ्या भावंडांना एकेक छापील प्रत हवी होती. ‘मी करते’ असं कुणीतरी म्हणायला हवं होतं आणि ते नेमकं माझ्या तोंडून निघून गेलं. संगणकावर मला तोवर पत्रं टाइप करता येत होती, एवढंच.

आधी मुलाला विचारलं. त्याने ‘दे इकडे’ म्हणत माऊस घेतला, टकाटक चार ठिकाणी क्लिक केलं, ‘झालं बघ’ म्हणाला आणि गेला. पान सुरेखच झालं होतं. दुसरं पान उघडलं तेव्हा मी होते तिथेच. त्याची बोटं मी पाहिली होती, पण कोणतं बोट कशासाठी हललं ते काही कळलं नव्हतं. त्याला दोष देत नाही, शिकवायला बसलं की सगळेच असं करतात. स्वयंपाकघरात मीही करते.

तुला माझा माऊस ओढून घेता येत नव्हता, कारण तू फोनवर होतीस. पण समोर असतीस तरी घेतला नसतास असं मला वाटतं. मी म्हटलं, ‘ब्रश चालत नाहीये गं.’ तू म्हणालीस, ‘पडद्यावर काय दिसतंय, काकू?’ खरं सांगू? राग आला होता. मी अडचण सांगतेय आणि ही मुलगी मलाच विचारतेय!

पाऊण तास मी तो ब्रश घासत होते. रंग बदलला, आकार वाढवला, गिंप, म्हणजे चित्रं सुधारायचा तो प्रोग्रॅम, बंद करून पुन्हा उघडला, तरी कागदावर एक ठिपका उमटेना. तू एकेक विचारत गेलीस. लेअरच्या (म्हणजे चित्रात एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) यादीत कोणती ओळ उजळली आहे? तिच्यापुढचा डोळा उघडा आहे का? ओपॅसिटी, म्हणजे थराचा गडदपणा, किती आहे? आणि शेवटी, ‘चित्र पूर्ण दिसेल एवढं लहान करा, कुठे मुंग्यांसारखी सरकणारी रेघ आहे का बघा.’ होती! डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी. कधीतरी चुकून केलेलं सिलेक्शन, म्हणजे निवडलेला तुकडा, तिथे तसंच राहिलं होतं आणि ब्रशला तेवढ्याच चौकोनात रंगवायची मुभा होती. मी चित्र मोठं करून पक्ष्याच्या चोचीपाशी बसले होते, मला तो कोपरा दिसणार कसा? कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकदम दाबलं, मुंग्या गेल्या, ब्रश चालू. हे चार प्रश्न मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवले. नवशिक्यांनी तेवढेच लिहून घेतले तरी निम्मे फोन वाचतील.

बाकीच्या फजित्या थोडक्यात सांगते, तुझ्या बाजूची साक्ष म्हणून. टॅबची कळ चुकून दाबली गेली आणि टूलबॉक्स, लेअरची यादी, सगळं गडप. मला वाटलं आपण प्रोग्रॅम मोडला. पुन्हा टॅब दाबल्यावर सगळं परत आलं. दुसऱ्या दिवशी खोडरबराने काळी शाई सांडायला सुरुवात केली. खोडलं की काळं! तू हसली नाहीस, हे मी विसरणार नाही. आधी अनडू करायला लावलंस, मग लेअरला अल्फा चॅनल, म्हणजे पारदर्शकपणाची नोंद, आहे का ते बघायला सांगितलंस. नव्हता. अल्फा नसलेल्या लेअरला पारदर्शक होणं माहीतच नसतं, म्हणून खोडरबर तिथे मागचा रंग फासतो; आणि मी कधीतरी एक्स दाबून पुढचा-मागचा रंग अदलाबदल करून बसले होते. लेअरच्या मेन्यूतून अल्फा जोडला, भांडण मिटलं.

मोठं नुकसान होता होता वाचलं ते आकाराच्या बाबतीत. पहिली पानं मी मोबाइलवरून मागवली होती. ती 600 बाय 800 पिक्सेलची, म्हणजे तेवढ्या बारीक ठिपक्यांची, होऊन आली, पडद्यावर छान दिसत होती. मी स्केल इमेजमध्ये, म्हणजे चित्राचा आकार बदलतात तिथे, जाऊन आकडे चौपट करणार होते. तू विचारलंस, ‘छापायची किती मोठी?’ पानाएवढी, म्हणजे 6 बाय 8 इंच. मग तू गणित घातलंस: चांगल्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात, म्हणजे 1800 बाय 2400 लागतील; तुमची पानं 2 इंच रुंदीचीच आहेत. वाढवली तर मधले पिक्सेल संगणक शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरेल, मावशींची रेघ त्यात नसेल. हे शेवटचं वाक्य मला लागलं. 64 पानं पुन्हा स्कॅन केली, 300वर, आणि तेही जेपेगऐवजी पीएनजीमध्ये. जेपेग चित्राचे 8 बाय 8 पिक्सेलचे तुकडे पाडून फाइल आटवतो आणि पेन्सिलीच्या बारीक रेघेभोवती भुरकट ठिपके सोडतो, हे तू सांगितल्यावर मी भिंगासारखं मोठं करून पाहिलं. खरंच होते ठिपके, चिमणीला पिसवा झाल्यासारखे.

सेव्ह आणि एक्सपोर्टचा घोळ मात्र मला अजून पटलेला नाही. सेव्ह म्हटलं की गिंप स्वतःची एक्ससीएफ फाइल करतो, छापखान्याला द्यायची ती एक्सपोर्टमधून काढायची. लेअर शाबूत राहावेत म्हणून हे असतं, समजलं. तरी ‘सेव्ह’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी नव्याने शिकावा लागतो हे काही बरं नव्हे.

आता लेव्हल्सबद्दल, म्हणजे चित्रातला काळा-पांढरा आलेखावरून कमीजास्त करायच्या सोयीबद्दल, कारण खरा जीव तिथे अडकला होता. तू सांगितलंस की काळा म्हणजे 0, पांढरा म्हणजे 255, आणि आपला पिवळट कागद त्या आलेखात उजवीकडे एक डोंगर करून बसलाय. पांढऱ्याचा त्रिकोण त्या डोंगरापर्यंत आणला की कागद उजळतो. माझा डोंगर 215च्या आसपास होता. मी हावरटासारखा त्रिकोण 190पर्यंत ओढला. कागद दुधासारखा झाला! मी खूश. तू म्हणालीस, ‘छान. आता आधीचं आणि हे शेजारी ठेवून पक्ष्याचा गळा बघा.’ गळा नव्हता. मावशीने तिथे पेन्सिल जेमतेम टेकवून केलेली छटा कागदाबरोबर पांढरी होऊन गेली होती. 190च्या वरचं सगळं एकाच पांढऱ्यात बुडालं आणि तिची सर्वांत हलकी रेघ नेमकी तिथेच होती.

त्या दिवशी आपण तासभर या एकाच पानावर बोललो. शेवटी ठरलं की कागद थोडा पिवळा राहू द्यायचा. पण शिवणीजवळचा काळा पट्टा? त्यासाठी तू लेअर मास्क, म्हणजे थरावरचा मुखवटा, शिकवलास. लेअरची नक्कल करायची, वरच्या नकलेवर लेव्हल्स चांगल्या कडक लावायच्या, मग तिला काळा मास्क घालायचा, म्हणजे ती अख्खी झाकली जाते. आणि मऊ कडेच्या पांढऱ्या ब्रशने फक्त पट्ट्यावरून फिरवायचं; जिथे फिरवलं तिथेच उजळ नक्कल वर येते. चुकलं तर काळ्या ब्रशने परत झाकायचं. काहीच पुसलं जात नाही! खोडरबराची भीती माझ्या मनातून त्या दिवशी गेली.

एकदा मी विचारलं होतं, गिंपचे पैसे किती. तू म्हणालीस, काही नाही. 1995मध्ये बर्कलीच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं आणि तेव्हापासून लोक आपापल्या वेळात ते पुढे नेतायत. मग मी तुलाच विचारलं, आणि तुझे? तू विषय बदललास.

37व्या पानावरचा शाईचा डाग हील टूलने, म्हणजे डाग बुजवायच्या साधनाने, घालवता आला असता. ‘घालवायचाय का?’ असं तू विचारलंस आणि मी दोन दिवस विचार केला. राहू दिलाय.

आता प्रत्येक पक्ष्याखाली नाव घालायचं काम उरलंय. एक अडचण आहे, तुझ्याच पद्धतीने सांगते. टेक्स्ट टूल घेतलं, चित्राखाली ‘बुलबुल’ टाइप केलं, पण पानावर काही दिसत नाही. लेअरच्या यादीत ‘बुलबुल’ आहे, सर्वांत वर आहे. डोळा उघडा आहे. ओपॅसिटी 100. चित्र पूर्ण दिसेल एवढं लहान करून पाहिलं, मुंग्या कुठेही नाहीत. टूलबॉक्समधला पुढच्या रंगाचा चौकोन...

थांब. पांढरा आहे. सकाळी मास्क रंगवताना घेतला होता, तो तसाच राहिला.

दिसला बुलबुल. फोन राहू दे.

तुझी,
काकू