अथीनाने केस धरले, हात नव्हे

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला ग्रीक महाकाव्यांवरचा लेख वाचला. अशा विषयाला तुम्ही अख्खं पान दिलंत याचा मनापासून आनंद झाला. पण ‘होमरचे वीर म्हणजे देवांच्या हातातल्या कळसूत्री बाहुल्या’ हे वाक्य ठळक चौकटीत पाहिलं आणि राहवलं नाही. लेखकाने पुरावा म्हणून जो प्रसंग दिला आहे, तोच त्यांच्याविरुद्ध साक्ष देतो.

‘अथीना अकिलीसला आवरते’ एवढ्यावर त्यांनी तो उरकला. अथीना ही देवी, अकिलीस हा ग्रीकांचा सर्वांत पराक्रमी योद्धा. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’च्या पहिल्या सर्गात काय घडतं ते जरा सावकाश पाहावं. ग्रीकांचा सेनापती अॅगमेम्नॉन हा अकिलीसच्या वाट्याला आलेल्या ब्रिसेइस या बंदिवान स्त्रीला हिरावून नेण्याची धमकी देतो. याला इथेच कापावं की राग गिळावा, अशी अकिलीसच्या मनात घालमेल सुरू होते. हे देवी येण्याआधी. तलवार म्यानातून निघत असताना देवांची राणी हेरा हिने धाडलेली अथीना मागून येते आणि त्याचे केस धरते. ती फक्त त्यालाच दिसते. म्हणते, तुझा राग शांत करायला आले आहे, ऐकशील तर. हे ‘ऐकशील तर’ २०७व्या ओळीत आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. ती त्याचा हात पकडत नाही, तलवार काढून घेत नाही. आज सोस, या अपमानापोटी पुढे तिप्पट नजराणे मिळतील, असं समजावते. तोंडाने हवं तेवढं सुनाव, अशी मुभाही देते. अकिलीस कबूल होतो, स्वतःच्या हाताने तलवार म्यान करतो आणि मग अॅगमेम्नॉनला दारूने जडावलेला, कुत्र्याच्या डोळ्यांचा, हरणाच्या काळजाचा म्हणतो. बाहुलीला कुणी ‘ऐकशील तर’ असं विचारत नाही.

बरं, दोरी ओढणारे देव तरी मोकळे आहेत का? सोळाव्या सर्गात झ्यूसचा पोटचा मुलगा सार्पेडन हा अकिलीसचा मित्र पॅट्रोक्लस याच्या हातून मरणार असतो. त्याला उचलून त्याच्या मायदेशी, लिशियाला नेऊ का, असं झ्यूस विचारतो. हेरा बजावते: कर, पण आम्हा बाकीच्या देवांना ते पटणार नाही, उद्या दुसरेही आपापली मुलं वाचवू लागतील. देवांचा राजा गप्प बसतो आणि जमिनीवर रक्ताचा पाऊस पाडतो. हा सर्ग वगळून देवांच्या सत्तेवर लिहिता येत नाही.

अॅगमेम्नॉन एकोणिसाव्या सर्गात ब्रिसेइसला नेल्याबद्दल ‘दोष माझा नाही, झ्यूसचा आणि नियतीचा’ म्हणतो, हे लेखात आहे. पण त्याच भाषणात तो भरपाई द्यायला तयार होतो, हे गाळलं आहे. देवाने बुद्धी फिरवली तरी दंड माणसानेच भरायचा, हा होमरचा हिशेब आहे.

अकिलीसच्या टाचेबद्दल तर लिहायलाच हवं. आईने स्टिक्स या पाताळातल्या नदीत बुडवल्याने टाच सोडून त्याचं सारं शरीर अभेद्य झालं, ही गोष्ट लेखात होमरच्या नावावर आहे. ‘इलियड’मध्ये अकिलीसची अभेद्य काया कुठेही नाही, स्टिक्स नदीत बुडवणं नाही आणि त्याचा मृत्यूही नाही. काव्य चोविसाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतं. उलट एकविसाव्या सर्गात ट्रॉयच्या बाजूने लढणाऱ्या अॅस्टेरोपायोसचा भाला अकिलीसच्या उजव्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. स्टिक्सची गोष्ट आपल्याला इसवीसनाच्या पहिल्या शतकातल्या लॅटिन काव्यात भेटते. त्यामुळे दुर्योधनाच्या मांडीशी केलेली तुलना निदान होमरच्या नावावर तरी खपवू नये. अकिलीसला जखम होऊ शकते, आपण लवकर मरणार हे त्याला ठाऊक आहे आणि तरीही तो हेक्टरवर चालून जातो. त्याचं वीरपण यातच आहे, ते अभेद्य कातडीने पुसून जातं. लाकडी घोड्याची हकिगतही ‘इलियड’मध्ये नाही, ती होमरच्याच ‘ओडिसी’त येते.

शेवटी नावांबद्दल. एकाच लेखात अकिलीस, अॅचिलिस आणि अखिलीज असे तीन जण वावरतात. झ्यूसचा मध्येच ज्युपिटर होतो, अथीनाची मिनर्व्हा. ही रोमन नावं आहेत. नवा वाचक ही सगळी वेगवेगळी पात्रं समजेल. मुद्रितशोधनात एवढं सहज पाहता आलं असतं. पुढच्या रविवारी किमान टाचेची आणि नावांची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक